पाहुण्यांची घागर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची घागर आहे, आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात, गेले ते दिवस म्हणतात. मला ते आज जमणार नाही. सध्या मी बेळगावातल्या एका सरकारी कार्यालयात, लोखंडी कपाटाशेजारच्या स्टुलावर बसले आहे. माझ्या गळ्यात सुतळीने एक कागद बांधला आहे आणि पोटात महिन्यापूर्वीचं पाणी आहे. त्याला वास येतो. येणारी-जाणारी माणसं नाकाला रुमाल लावतात आणि माझ्याकडे अशी बघतात, जणू सगळा दोष माझाच आहे.

दोष कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म बेळगावच्या शहापुरातला. मागांची खटखट दिवसभर ऐकू येईल अशा एका बोळात तांबटाचं दुकान होतं. तिथे पत्र्यावर ठोके घालून घालून मला आकार आला. ते ठोके अजून माझ्या अंगावर ठिपक्यांसारखे दिसतात. मला विकत घेतलं सत्याप्पाने. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा आणि राहायचा खोलवाडीला. आमची खोलवाडी माळाच्या पायथ्याशी आहे. वर माळावर शेतं, खाली खोलगटात घरं आणि घरांच्याही खाली ओढ्याकाठी विहीर. वरून काहीही निसटलं की ते शेवटी आमच्याकडेच येतं.

त्या काळी सत्याप्पाच्या वस्तीतल्या माणसांना त्या विहिरीच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. काठावर मडकी मांडून उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर उन्हात थांबायचं. सत्याप्पाने आणि वस्तीतल्या सहा जणांनी ठरवलं, आता उतरायचं. त्या दिवसासाठी त्याने मला आणलं होतं. त्याची बायको यल्लव्वा तेव्हा नवी नवरी होती. मला बघून ती म्हणाली, "अवो, घरात मडकी हाईत की. ह्यो थाट कशाला?"

"मडकं दगडानं फुटतंय," सत्याप्पा म्हणाला. "तांबं फोडून दाखवा म्हणावं."

दगड आलाच. माझ्या पोटावर डाव्या बाजूला मोठा पोचा पडला. पण मी भरले आणि भरलेलीच घरी आले. पुढे तांबट फिरतीवर आला की म्हणायचा, दोन ठोक्यांत पोचा काढून देतो. यल्लव्वा त्याला हात लावू द्यायची नाही. "ऱ्हाऊ दे. त्यो आमचा दाखला हाय," असं म्हणायची.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझी मानाची होती. विहिरीचं पाणी तेव्हा इतकं गोड होतं की निपाणीच्या बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून यायची. ज्यांच्या घरचे आम्हाला काठावर उभं करायचे, त्यांचीच पोरं यल्लव्वाच्या ओट्यावर बसून माझ्यातलं पाणी प्यायली. यल्लव्वा त्यांना तांब्या भरून द्यायची आणि ते पीत असताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणं मी कधी विसरणार नाही. ज्या बाईला एके काळी कुणी सांगितलं होतं की तुझ्या हाताने पाणी बाटतं, त्या बाईच्या हातचं पाणी पिऊन पाहुणा 'वा!' म्हणाला की तिचं पोट भरायचं.

मग प्लास्टिकच्या घागरी आल्या. निळ्या, पिवळ्या, हलक्या. मी माळ्यावर गेले. पाहुणा यायचा असला की मला खाली काढायचं, चिंच-मिठाने घासायचं, लख्ख करायचं, पाहुणा गेला की परत वर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो माझा राग नाही. वापर संपला की अडगळीत जाणं हे आम्हा भांड्यांच्या नशिबी असतंच. माझा खरा राग त्या वर्षांत विहिरीचं जे झालं त्यावर आहे.

विहिरीच्या वर उतारावर परशरामचं रान आहे. त्याच्या वडिलांनी रानाच्या खालच्या अंगाला गवताचा रुंद पट्टा राखला होता. तिथे नांगर लावायचा नाही, गुरांपुरतं गवत कापायचं. पाऊस कितीही धो धो पडो, त्या गवतात पाण्याचा जोर मोडायचा, माती तिथेच बसायची आणि खाली विहिरीकडे यायचं ते निवळलेलं पाणी. परशरामच्या हातात शेत आलं. ट्रॅक्टर आला. त्याने पट्टा नांगरून उसाच्या दोन सऱ्या वाढवल्या. फक्त दोन! त्यानंतर प्रत्येक मोठ्या पावसात रानातली माती, युरिया, फवाऱ्यातलं औषध, सगळं लाल लोंढ्यातून थेट विहिरीत येऊ लागलं. एका पावसाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरली. दुसऱ्या पावसाळ्यात बेडूक दिसेनासे झाले. वाडीत नळ आले, पण त्या नळांतही याच विहिरीचं पाणी चढवलेलं होतं. तोटी नवी, पाणी तेच.

यल्लव्वा माळ चढून परशरामकडे गेली. तोवर सत्याप्पा वारला होता. ती म्हणाली, "परशराम अण्णा, तुमच्या रानातलं समदं आमच्या हिरीत येतंय बघा."

"आक्का, खत मी माझ्या रानात टाकतो," परशराम म्हणाला. "तुमच्या हिरीत टाकाय मी काय येडा हाय? पावसाला सांगा जावा."

पावसाला सांगा! तळपायाची आग मस्तकात जाते अजून. पाऊस काय युरियाची पोती खांद्यावर घेऊन आला होता?

आता घरात यल्लव्वा, तिची सून सुनयना आणि दोन वर्षांची नात पारमिता अशा तिघी असतात. मुलगा भीमरत्न बेळगावात नोकरीला, तो शनिवारी येतो. सुनयना वाडीतल्या अंगणवाडीत शिकवते. पारमिताचं पोट सतत बिघडलेलं, अंगावर पुरळ. निपाणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मुलीला विहिरीचं पाणी बंद करा. सुनयनाने उकळून देऊ का विचारलं, तर ते म्हणाले, उकळल्याने जंतू मरतात, खत आणि औषध मरत नाही. तेव्हापासून सुनयना दर दोन दिवसांनी मोठ्या रस्त्यावर जाते. तिथे नाणं टाकलं की शुद्ध पाणी देणारं मशीन आहे. तिथून ती वीस लिटरचा कॅन स्कूटीच्या पायाशी ठेवून आणते. ते पाणी फक्त पारमिताचं. मोठी माणसं विहिरीचंच पितात. वाडीत अशी आणखी अकरा लेकरं आहेत आणि सगळ्यांच्या घरी स्कूटी नाही.

आणि मग योजना आली. शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याने जिथे पिण्याचं पाणी नासतं, तिथे गवताचे पट्टे राखायला, गाळ अडवणारे चर खणायला आणि त्यापायी शेतकऱ्याचं जे नुकसान होईल ते भरून द्यायला सरकार अनुदान देणार होतं. सुनयनाने कन्नडमधला अर्ज स्वतः भरला. परशरामकडे ती स्वतः गेली. आणि बघा, माणूस कसा असतो! तोच परशराम म्हणाला, "दोन सऱ्यांचं भरून देत असतील तर मी धा फूट सोडतो. माझी बी नातवंडं तेच पाणी पित्यात. आण कागद, सही करतो." म्हणजे इतकी वर्षं त्यालाही कळत होतं. त्याच्यावर रागवावं की नाही, हेच मला कळेनासं झालं.

पण पैसा थोडा आणि खोलवाड्या पुष्कळ. अठ्ठेचाळीस गावांचे अर्ज आले आणि अनुदान होतं सात गावांपुरतं. मग आधी कोण? त्यासाठी नियम केला की ज्या गावाचं पाणी सर्वांत खराब, त्याला सर्वांत जास्त गुण. मित्रांनो, हा नियम मला पटला. आजही पटतो. दवाखान्यात जो जास्त आजारी त्याला आधी आत घ्यावं, यात वाद कसला? पण त्यासाठी डॉक्टरने आजाऱ्याला हात लावून तरी बघायला हवं.

पाण्याचे नमुने घ्यायला साहेब येणार असा निरोप आला. त्या दिवशी सुनयनाला अंगणवाडीच्या बैठकीला निपाणीला जावं लागलं. घरी यल्लव्वा आणि पारमिता. यल्लव्वाने सकाळी ओटा सारवला. मला माळ्यावरून काढलं आणि चिंच-मिठाने असं घासलं की पोच्यातसुद्धा तोंड दिसावं. मला वाटलं, आता मला घेऊन ती विहिरीवर जाणार. ती गेली नाही. तिने पारमिताचा कॅन उचलला आणि त्यात उरलेलं मशीनचं शुद्ध पाणी माझ्यात ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. सरकारचा माणूस घरी येणार. मुलगी बघायला येतात तेव्हा घर आवरतो, चांगलं ते पुढे करतो, तसंच हे. घर नीटनेटकं दिसलं, पाणी चांगलं दिलं, की साहेब आपल्या वाडीचं नाव चांगलं लिहितील आणि अनुदान आपल्याला आधी मिळेल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की या स्पर्धेत घाणीला पहिला नंबर आहे. सांगितलं असतं तरी तिने घाण पाणी पाहुण्यापुढे केलं असतं का? माझ्या पोटावरचा तो पोचा तिला तसं करू देईल का?

साहेबांचं नाव नागेंद्र. तरुण माणूस, पांढरे बूट, हातात बाटल्यांची पेटी. "आजी, विहीर कुठं आहे?"

"खाली वढ्याकडंला हाय, सायेब. लई चिखल हाय बघा. बसा, पाणी घ्या आदी."

तो बसला. तांब्यातलं पाणी घटाघट प्यायला आणि म्हणाला, "आजी, पाणी फार गोड आहे हो."

यल्लव्वाचं तोंड उजळलं. किती वर्षांनी ते वाक्य तिच्या ओट्यावर कुणी बोललं होतं!

नागेंद्रने चिखलाच्या वाटेकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. त्याला त्या दिवशी आणखी पाच गावं करायची होती. त्याने विचारलं, "हे विहिरीचंच ना?"

मी ओरडायला हवं होतं. सात जणांनी दगड झेलत मला त्या विहिरीत उतरवलं होतं, मला तिची चव पाठ आहे. पण घागरीला तोंड असतं, जीभ नसते. यल्लव्वा पदर सारखा करत म्हणाली, "व्हय. आमच्या हिरीचंच."

त्याने मला कलतं केलं आणि मी रिकामी होईपर्यंत माझ्याच पोटातून बाटल्या भरल्या. वर चिठ्ठी चिकटवली: खोलवाडी, विहीर.

संध्याकाळी सुनयना आली. रिकामा कॅन बघून तिने विचारलं, "आत्ती, पारमिताचं पाणी कुठं गेलं?"

"सायेब आलतं. त्यास्नी दिलं. पाणी पिऊन नावाजलं गं त्यांनी," यल्लव्वा हौसेने म्हणाली. बाटल्यांचं ती बोलली नाही, कारण तिच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. मशीनवर जायला उशीर झाला होता, म्हणून त्या रात्री पारमिताला विहिरीचंच पाणी प्यावं लागलं. पुढचे चार दिवस तिचं पोट थांबलं नाही.

तीन आठवड्यांनी पंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. खोलवाडी सत्तेचाळिसावी. शेरा असा होता की पाणी अत्युत्तम आहे, कोणत्याही उपायाची गरज नाही. पहिल्या क्रमांकावर कोण, तर मोठ्या रस्त्याकडेचं एक डबकं. तिथे म्हशी डुंबतात, त्यातलं पाणी कुणी पीत नाही. पण गाडीतून उतरलं की दोन पावलांत तिथे बाटली बुडवता येते.

सुनयना तरातरा घरी आली. "सत्तेचाळीस! आपलं पाणी अत्युत्तम म्हणं! आत्ती, सायेब हिरीवर गेलते का न्हाय?"

यल्लव्वाने सगळं सांगितलं. सांगता सांगताच तिला कळत गेलं. सुनयना काही वाईट बोलली नाही. फक्त म्हणाली, "आत्ती, आपलं दुखणंच तुमी झाकून ठेवलासा." आणि पारमिताला उचलून ती आत गेली. यल्लव्वा जेवली नाही.

मला कुणाकुणाचा राग आला म्हणून सांगू! पांढऱ्या बुटांचा आला. दोन सऱ्यांचा आला. घाण मोजायला निघून घाणीत पाय न घालणाऱ्या त्या सगळ्या कारभाराचा आला. यल्लव्वाचाही आला. आणि ज्यांनी तिला जन्मभर असं वागवलं की स्वच्छ पाणी दाखवल्याशिवाय आपल्याला किंमत नाही असं तिला वाटावं, त्यांचा तर सगळ्यात जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लव्वाने मला काखेत घेतलं. घासलं नाही, पुसलं नाही. चिखल तुडवत ती विहिरीवर गेली, पायऱ्या उतरली आणि मला बुडवलं. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला होता. लालसर, साय धरलेलं पाणी माझ्यात शिरलं तेव्हा मला माझीच शिसारी आली. तोंडाला प्लास्टिक बांधून ती आणि सुनयना मला एसटीने बेळगावला घेऊन आल्या.

याच खोलीत नागेंद्र टेबलामागे बसला होता. सुनयनाने सांगितलं की नमुना विहिरीचा नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "आजी, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही होय म्हणालात."

"म्हनले की."

"आता मी विहिरीवर गेलोच नाही असं लिहून दिलं तर माझी नोकरी..." त्याने वाक्य अर्धं सोडलं. मग काय करावं न सुचून त्याने शिपायाला हाक मारली. "भरमू, आजींना पाणी दे."

हिंडलग्याचा भरमू कोपऱ्यातल्या जारमधून काचेच्या पेल्यात पाणी घेऊन आला, खाली बशी धरून. यल्लव्वाने पेला हातात घेतला. पाणी निवळशंख होतं. तिने पेला उजेडाकडे धरला.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी बी पावण्याला चांगलंच पाणी देतासा की. मंग माझं काय चुकलं?"

नागेंद्रने मान खाली घातली.

"माझं खोटं बी लिवा," यल्लव्वा म्हणाली. "आनी तुमी हिरीवर आला न्हाईसा, ते बी लिवा. दोघांचं बी लिवा. पोरीचं पाणी आमी दोघांनी मिळून सांडलंय."

त्याने लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं, म्हणून सांगते. दोन दिवसांनी तो खोलवाडीला गेला, पांढरे बूट ओट्यावर काढून अनवाणी विहिरीत उतरला आणि खरा नमुना घेऊन आला. त्याचा अहवाल मी इथेच ऐकला. गुण मोजले तर खोलवाडी दुसरी येते. पण पहिली यादी वर गेलेली आहे, आणि ती बदलायला बेंगळुरूच्या मोठ्या मॅडमची सही लागते. मॅडम येतील तेव्हा बघू, असं उत्तर महिनाभर येत राहिलं.

यल्लव्वाने मला परत नेलं नाही. "गावाचं नाव वर आल्याबिगर ही घरात येनार न्हाय," असं म्हणून ती गेली. नागेंद्रने माझ्या गळ्यात कागद बांधला: खोलवाडी, विहिरीचं खरं पाणी. तेव्हापासून मी इथे आहे. पारमितासाठी कॅन अजून रस्त्यावरूनच येतो. बाकीची अकरा लेकरं अजून तेच पितात.

आज मॅडम येणार आहेत. सकाळपासून धांदल चालू आहे. फरशी पुसली, फायली रचल्या, खिडकीत कुंडी आणून ठेवली. आणि आत्ता भरमू माझ्यासमोर उभा आहे. त्याच्या एका हातात चिंच आहे, दुसऱ्या हातात मीठ. तो वाईट माणूस नाही. तो म्हणतोय, "सायेब, हे घाण भांडं बघून मॅडम काय म्हनतील? पाणी टाकतो आनी चांगली लखलखीत करून ठेवतो."

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू हात जोडतो आणि म्हणतो, आम्हाला विसरू नका, घासा, पुसा, जपा. मी उलटं सांगते. मला घासू नका! माझं काय, मी तांब्याची आहे, हिरवी पडले तरी तग धरीन. जपायचं असेल तर त्या विहिरीला जपा, माळावरच्या दहा फूट गवताला जपा. आणि तुमच्या गावात कधी कुणी पाणी तपासायला आलं, तर त्याला चहा द्या, सावली द्या, चांगलं पाणी प्यायला द्या. मग त्याचा हात धरून त्याला चिखलातून खाली न्या.

भरमूने मला उचलायला हात पुढे केला आहे. नागेंद्र खुर्चीतून उठला आहे. "ठेव ती चिंच," तो म्हणतोय. "तिला हात लावू नकोस."

तो माझ्यापाशी आला आणि त्याने स्टूल ओढून दाराच्या समोर आणला. माझ्या तोंडावरचं सैल झालेलं प्लास्टिक काढलं. पोच्याची बाजू बाहेर येईल असं मला फिरवलं. खाली गाडीचं दार वाजलं आहे. जिन्यावर पावलं ऐकू येत आहेत.

येऊ द्या पाहुण्यांना. आज मी विहिरीचंच पाणी घेऊन बसले आहे.